बोअरमधून निघालेली लाल पूड, पांढरी पूड आणि आपल्या पायाखालचा काळा दगड

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या तात्यांनी (माझे चुलते) रानात बोअर मारायचं ठरवलं. पाणाड्या येऊन गेला, त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, त्या जागी चुन्याची फुली पडली, रात्री दहाला गाडी आली आणि पहाटेपर्यंत ३२० फूट खाली जाऊन हाती आला नुसता फुफाटा. पैसे फुटावर असतात, पाण्यावर नसतात, त्यामुळे गाडीवाला बिल घेऊन गेला आणि तात्या बांधावर बसून राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू दगडाचंच शिकलास ना रे कॉलेजात? मग सांग की, खाली हाय तरी काय."

मी भूशास्त्रात बीएस्सी केली आणि नोकरी बँकेत करतो, त्यामुळे हा टोमणा घरात नवा नाही. पण यावेळी उत्तर समोरच पडलं होतं. बोअर चालू असताना खालून येणाऱ्या पुडीचा रंग बदलत जातो आणि हेल्परने दर रॉडला एकेक फावडं बाजूला टाकलं होतं. वर चार फूट काळी माती, मग बावीस फुटापर्यंत पिवळट मुरूम, तिथेच शेवटी पूड जराशी ओलसर, मग एकदम कडक काळा कातळ, पंच्याण्णव फुटाला विटेच्या चुऱ्यासारखं लालभडक, शंभराला राखाडी पूड आणि त्यात पांढरे चमकणारे कण, आणि एकशे तीसच्या पुढे परत काळा तो पार ३२० पर्यंत. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागाची गोष्ट या ओळीने मांडलेल्या ढिगांमध्ये होती, तात्यांना सांगितली तीच इथे सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. खडक आणि खनिज हे दोन शब्द आपण सर्रास एकासाठी दुसरा वापरतो. खनिज म्हणजे निसर्गात आपोआप तयार झालेला घन पदार्थ, ज्याचं रसायन ठरलेलं असतं आणि आतल्या अणूंची मांडणीपण ठरलेली असते. उपासाला वापरतो ते सैंधव हे खनिज आहे, कुठलाही खडा घ्या, आत सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक चौकटीत बसलेले. गारगोटी हे खनिज, आत सिलिकॉन आणि ऑक्सिजन. पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते ग्राफाइट आणि हिरा, दोन्ही निव्वळ कार्बन, पण मांडणी वेगळी म्हणून खनिजं दोन, एक कागदावर झिजतं आणि दुसरं काच कापतं. खडक म्हणजे अशा खनिजांचा एकत्र घट्ट बसलेला गठ्ठा. चिवड्याचं उदाहरण चालेल, पोहे, दाणे, खोबरं, डाळं ही खनिजं आणि सगळं मिळून चिवडा हा खडक. ग्रॅनाइटचा ओटा जवळून बघा, पांढरे, गुलाबी, काळे दाणे वेगवेगळे दिसतात. (दुकानात ब्लॅक ग्रॅनाइट म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतंच, वेगळाच खडक असतो, पण तुम्ही तिथे वाद घालू नका, मी घातलाय, भाव कमी होत नाही.)

कोळसा मात्र यात बसत नाही. तो झाडाझुडपांचा बनलेला, आत ठरलेली मांडणी नाही, म्हणून शास्त्राच्या हिशोबाने तो खनिज नाही, खडक आहे. सरकारी कागदावर मात्र तो खनिजच.

आता काळा दगड. आपल्याकडे त्याला काळा पाषाण, काळा कातळ, काही ठिकाणी काळवथर म्हणतात, शास्त्रात बेसॉल्ट. हापण चिवडाच आहे, पण दाणे इतके बारीक की डोळ्याला नुसता काळा रंग दिसतो. बारीक का, तर पटकन थंड झाला म्हणून. खडीसाखर कशी करतात माहितीये ना, घट्ट पाकात दोरा सोडून भांडं दिवसच्या दिवस हलवायचं नाही, मग मोठे खडे धरतात. तोच पाक घाईने घोटला तर रवाळ साखर होते. ग्रॅनाइट जमिनीच्या आत खोलवर लाखो वर्षं निवत बसला म्हणून खडीसाखर, बेसॉल्ट उघड्यावर येऊन निवला म्हणून रवाळ.

तो उघड्यावर आला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला शंकूसारखा डोंगर आणि वरून धूर असं चित्र आठवतं, इथे तसं नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून काकवीसारखा पातळ लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला. एक थर निवला, मध्ये काही काळ शांतता, मग वर दुसरा, मग तिसरा. असे थरावर थर, आणि यातला बराचसा माल दहा लाख वर्षांच्या आतबाहेरच ओतला गेला असं मोजमापं सांगतात. काही प्रवाह तर पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले असावेत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आजही हा काळा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि महाराष्ट्राचा जवळपास ८० टक्के भाग त्याच्याखाली आहे. कळसूबाई १६४६ मीटर, तो अख्खा डोंगर म्हणजे हेच थर. घाटातून जाताना समोरचे डोंगर पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात ते याचमुळे, म्हणून तर याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय, सापळ्याशी काही संबंध नाही.

प्रत्येक थराला स्वतःचा तळ, पोट आणि डोकं असतं, आणि इथून पुढचं सगळं यावर अवलंबून आहे म्हणून जरा थांबून सांगतो. लाव्हात वायू असतो, तो बुडबुडे होऊन वर येतो आणि वरचा पृष्ठभाग निवताना तिथेच अडकतो, म्हणून थराचं डोकं घावनासारखं जाळीदार. पोट मात्र सावकाश निवतं, ते भरीव, कडक, आणि निवताना आक्रसतं म्हणून त्याला उभ्या भेगा पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला या भेगांमुळे पेन्सिली उभ्या ठेवल्यासारखे खांब झालेत. भरीव पोट झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो, जाळीदार डोकं झिजतं, त्याची सपाटी होते, आणि या कडा-सपाटी-कड्याच्या रचनेवरच आपले गडकिल्ले बसलेत. माची, बालेकिल्ला, मधे तासलेला कडा, यातलं अर्धं बांधकाम लाव्हाने आधीच करून ठेवलं होतं असं माझं मत आहे, ट्रेकवाले मित्र यावर चिडतात. लेण्यापण अशाच भरीव पोटात कोरल्या. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलं, एवढा एकसंध दगड नसता तर ते जमलंच नसतं.

आणखी एक भन्नाट गोष्ट या काळ्या दगडात आहे. त्यात मॅग्नेटाइटचे म्हणजे चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात, दगड निवताना त्यांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेने लागतं आणि पूर्ण निवला की तसंच गोठतं. ती दिशा जमिनीशी किती झुकलीय हे मोजून कळलं की हा दगड निवला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. म्हणजे सह्याद्रीचा दगड जन्मला तिकडे आणि मग अख्खं भूखंड सरकत सरकत त्याला घेऊन इकडे आलं. तात्यांना हे काही पटलं नाही, ते म्हणाले "पुढं सांग".

पुढे म्हणजे पंच्याण्णव फुटाची लाल पूड. याला गावाकडे गेरू म्हणतात. लाव्ह्याचे दोन थर पडले त्यांच्यामध्ये जो काळ गेला, त्यात खालच्या थराचं डोकं ऊनपावसाने कुजलं, त्यातलं लोखंड गंजलं, लाल माती झाली, कुठे ज्वालामुखीची राख पडून तिची झाली, आणि मग वरून नवा लाव्हा येऊन तिला भाजून गेला. कौल भाजतात तसंच जवळपास. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या दगडात मधूनच लाल पट्टा आडवा गेलेला दिसतो, तो म्हणजे दोन उद्रेकांमधली सुट्टी. या सुट्टीत तळी साचायची, झाडं वाढायची, आणि काही ठिकाणी त्यांचे जीवाश्म त्या थरांत सापडतात. लाव्ह्याच्या तळाशी जी जुनी जमीन होती तिच्यात तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळालीत, आणि त्यांची दगड झालेली विष्ठापण.

बोअरवाल्यांना मात्र हा लाल थर आवडत नाही. त्यात चिकणमाती असते, पाणी लागलं की फुगते, ढासळते, आणि मुख्य म्हणजे वरचं पाणी खाली जाऊ देत नाही.

त्याच्या खालची ती पांढरे कण असलेली राखाडी पूड म्हणजे जाळीदार डोकं, आपल्याकडे या दगडाला मांजऱ्या म्हणतात. बुडबुड्यांची भोकं, मग तिथे पाणी का नाही? कारण भोकं रिकामी नव्हती. लाव्हा निवल्यावर त्यातून गरम पाणी झिरपत राहिलं, ते दगडातले क्षार विरघळवून न्यायचं आणि भोकात नेऊन ठेवायचं, असं करत करत भोकं पांढऱ्या खनिजांनी भरून गेली. यातला मोठा गट झिओलाइटचा. क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असं एक खनिज तापवलं तर ते फसफसून वाफ सोडायला लागलं, म्हणून नाव दिलं उकळणारा दगड. आतून हे खनिज पिंजऱ्यासारखं असतं, सूक्ष्म खोल्याच खोल्या आणि त्यात पाणी, तापवलं की पाणी जातं पण पिंजरा मोडत नाही. मग त्या पिंजऱ्यात दुसरं काहीतरी पकडता येतं. कपडे धुवायच्या पावडरीत झिओलाइट घालतात ते जड पाण्यातलं कॅल्शियम पकडायला, आणि कोविडमध्ये घरोघरी जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले त्यांच्या पोटातपण झिओलाइटच होतं, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे सोडतं. हे कारखान्यात बनवलेलं असतं, पण घडण तीच.

नैसर्गिक झिओलाइटसाठी महाराष्ट्र जगभर प्रसिद्ध आहे आणि हे आपल्याच लोकांना माहीत नसतं याचं मला जाम वाईट वाटतं. जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), पुणे या भागातल्या दगडखाणी आणि विहिरींमधून निघालेले स्टिल्बाइट, हुलँडाइट, स्कोलेसाइटचे गुच्छ, आणि त्यांच्यासोबत सापडणारं अपोफिलाइट, परदेशातल्या म्युझियममध्ये मांडलेले असतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज मिळालं, तसं सुंदर दुसरीकडे मिळणं मुश्कील. सिन्नरला गारगोटी नावाचं म्युझियम आहे, शिर्डीला जाता-येता बघून या. आमच्या घरी जुनी विहीर खणताना एक मुठीएवढा दगड निघाला होता, आत पांढऱ्या सुया सगळीकडे तारकेसारख्या पसरलेल्या, आजीने तो देव्हाऱ्यात ठेवला, त्याला हळदीकुंकू वाहिलं जातं. तो स्कोलेसाइट आहे हे मी कॉलेजात गेल्यावर ओळखलं, घरात कोणालाही त्याने काही फरक पडला नाही.

तर पाण्याचं गणित असं. काळ्या दगडाला स्वतःची अशी पाणी धरायची जागा नसते, जे काय ते भेगांमध्ये, न भरलेल्या जाळीत, आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. शंभर बादल्या एवढा हा खडक धरला तर त्यातून निघणारं पाणी साधारण एक ते तीन बादल्या. जळगावकडे तापीच्या काठाने जाडजूड गाळ आहे, तिथे हेच प्रमाण कितीतरी पटीने जास्त, आणि केळीच्या बागा उगाच तिकडे नाहीत. आमच्या बोअरमध्ये पाणी होतं ते बावीस फुटाला, मुरूम संपून कातळ सुरू होतो त्या सांध्यावर, तिथे केसिंग पाइप टाकून तेच बंद केलं आणि उरलेले तीनशे फूट कोरड्या दगडाला भोक पाडलं. खोल गेलं की पाणी लागतंच हा समज काळ्या दगडात फार महागात पडतो. दोन शेजारच्या बोअरपैकी एकाला तीन इंची पाणी आणि दुसरं कोरडं, असं होतं ते भेग सापडली की हुकली यावर.

काळी माती ही या बेसॉल्टचीच पोरगी. कमी पावसात दगड कुजला की त्यात एक फुगणारी चिकणमाती बनते, पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यात पडते, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. कापसाला उत्तम, घराच्या पायाला वाईट, भिंतीला तिरकी चीर गेली की समजायचं. आणि तोच दगड कोकणात गेला की जांभा होतो! तिकडे पाऊस इतका की दगडातली सिलिका आणि बाकीचे क्षार धुऊन जातात आणि मागे राहतं लोखंड नि अॅल्युमिनियम, म्हणून तो लाल आणि भोकाभोकाचा. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवेवर ठेवला की टणक होतो, त्यामुळे घर बांधायला यापेक्षा सोयीचा दगड नाही. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात असा दगड बघून त्याला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वीट. कोकणातल्या माणसाला हे सांगायला लॅटिन कशाला लागतंय म्हणा. जांभ्यात जिथे अॅल्युमिनियम फार साठलं तिथे बॉक्साइट झालं, कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवर आहे ते.

तात्यांचा पुढचा प्रश्न मस्त होता, "एवढं लोखंड हाय म्हणतोस आपल्या दगडात, मग कारखाना का नाही काढत?" आपल्या बेसॉल्टमध्ये वजनाने साधारण १० टक्के लोखंड असतं हे खरं, पण ते सिलिकेटच्या, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खनिजांच्या आत असं गुंतलेलं की काढायचा खर्च लोखंडाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. खाणीच्या चांगल्या खनिजात ते ६० टक्क्यांच्या आसपास असतं आणि भट्टीत कोळशाबरोबर तापवलं की सुटतं. ज्यातून धातू परवडेल अशा किमतीत निघतो त्याला धातुक म्हणायचं, बाकी सगळा दगड. म्हणजे काय साधनसंपत्ती आहे नि काय नाही हे अर्धं भूशास्त्र ठरवतं, अर्धं बाजार.

मग महाराष्ट्रात खाणी कुठे आहेत? जिथे ही काळी गोधडी संपते तिथे. पश्चिमेला ती जाड, पूर्वेला पातळ होत जाते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे भोक पाडून बघितलं तर सुमारे ३४० मीटरवर बेसॉल्ट संपला आणि कितीतरी जुना खडक लागला. कोयनेजवळ हीच जाडी सुमारे ९३० मीटर भरली, आणि तीसुद्धा वरचा डोंगर सोडून. नागपूरच्या पुढे गोधडीच फाटते आणि खालचं सगळं उघडं पडतं. चंद्रपूर-वणीचा कोळसा, चंद्रपूर-यवतमाळचा चुनखडक आणि त्यावरचे सिमेंटचे कारखाने, नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज, गडचिरोलीत सूरजागडचं लोखंड. तिकडे दक्षिणेला सिंधुदुर्गातही गोधडी संपते, रेडीचं लोखंड आणि कासार्ड्याची सिलिका वाळू तिथली, आणि त्याच्याही दक्षिणेला गोव्याचं लोखंड. मँगनीजवाल्या एका रूपांतरित खडकाला तर फर्मोर नावाच्या भूशास्त्रज्ञाने गोंड लोकांवरून गोंडाइट नाव दिलं, जगभर तेच नाव चालतं.

रूपांतरित म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. वितळलेला दगड निवून होतात ते अग्निजन्य, गाळ थरावर थर बसून होतात ते गाळाचे, आणि यातलेच कुठलेही खोल गाडले जाऊन उष्णता नि दाबाने बदलले की रूपांतरित, शाळेत पाठ केलेलं आहेच. घरातच बघा, शहाबादी फरशी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडक, समुद्रतळाचा गाळ, आणि चुनखडक भाजला-दाबला गेला की संगमरवर. चुन्याच्या सगळ्या दगडांना आंबटाचं वावडं, लिंबू सांडून पुसलं नाही तर फरशीची चमक गेलीच म्हणून समजा. पाटा-वरवंटा मात्र काळ्या दगडाचा, त्याला काही होत नाही, फक्त गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावी लागते.

आणि जे आपल्याला खनिज वाटतसुद्धा नाही ते मुरूम, खडी, वाळू. कायद्यात यांना गौण खनिज म्हणतात, रॉयल्टी तहसीलला भरायची. नाव गौण पण रस्ते, धरणं, बिल्डिंगा सगळं यावरच उभं. खडी म्हणजे तेच लाव्ह्याचं भरीव पोट, क्रशरमध्ये फोडलेलं. मुरूम म्हणजे वर सांगितलेला पाण्याचा थर, तो जेसीबीने उचलून नेला की शेजारच्या विहिरीचं काय होतं हे आमच्या वस्तीवर दोघांना विचारा.

शेवटी बोअरवर झाकण बसलं. जुनी विहीर अडतीस फूट होती, तिला चोवीस फुटाच्या आसपास, मुरूम-कातळाच्या सांध्यावर तीन आडवे बोअर मारले, खर्च उभ्या बोअरपेक्षा बराच कमी आला. दोनातून काही नाही, ओढ्याच्या बाजूच्या तिसऱ्यातून पाणी आलं, ज्वारी आणि कांदा निघाला, फेब्रुवारीच्या शेवटी ते आटलं. पाणाड्या परवा एका लग्नात भेटला, म्हणाला नारळ बरोबर होता, गाडीवाल्याने फुलीपासून दोन हात सरकून भोक पाडलं.